गावात एकच व्हीपीएन

माझ्या नवऱ्याचा उजवा हात त्यांनी आमच्याच घराच्या दारात घालून मोडला. तेव्हा त्याच्या कानाला हेडफोन होता आणि ऐरोलीच्या ऑफिसातली कोणी मॅडम त्याला सांगत होती, "मनोज, तुमचा माईक चालू आहे. प्लीज म्यूट करा." हे त्याने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना हसला. मला हसू आलं नाही. मला त्या मॅडमचाही राग आला, आणि तिचा तर काही दोष नव्हता.

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मी घेते. मनोज. माणूस शांत, इतका शांत की कधीकधी माझंच डोकं उठतं. आमचं गाव पळसदरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. शनिवार-रविवारी बंगल्यांवर मुंबईची माणसं येतात, त्यांना मी जेवण करून देते. मनोज आधी रोज ऐरोलीला जायचा, आता कंपनीने घरूनच काम दिलंय. विम्याचे कागद तपासायचे. लोकांची आजारपणं, औषधं, ऑपरेशनं, सगळं त्याच्या लॅपटॉपवर येतं. म्हणून कंपनीची अट आहे, घरच्या इंटरनेटवर व्हीपीएन लावल्याशिवाय कामाला बसायचं नाही.

हे काय असतं म्हणून मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "आपल्या घरातून जे जातं ते वायरवाल्याच्या वायरीतूनच जातं. बाकीचे उघडं पाठवतात. मी पाकिटात घालून, चिकटवून पाठवतो. वायरवाल्याला पाकीट दिसतं, आतलं दिसत नाही." मी म्हटलं बरं, आणि भाकरी उलटली.

वायरवाला म्हणजे दत्ताशेठ. गावातली केबल त्याची, इंटरनेट त्याचं, आणि अलीकडे जमिनीही त्याच्याच. ओढ्याकडेची भातशेती विकत घेऊन त्याने बंगल्यांसाठी प्लॉट पाडायला काढले. ओढा मध्ये येत होता, तर ओढाच बुजवायला घेतला. रोज डंपर यायचे आणि दगडमाती ओतून जायचे. गाव बघत होतं. आमचं गाव बघण्यात पटाईत आहे, एवढंच सांगते.

मग फेसबुकवर एक पेज आलं, 'ओढा बोलतोय'. त्यावर फोटो पडायला लागले. डंपर, डंपरचे नंबर, दत्ताचा माणूस गजा कुठे ओतायचं ते हात करून दाखवतोय. खाली चार साध्या ओळी. लोक चोरून बघायचे आणि कोणी आलं की मोबाईल उलटा ठेवायचे. मीही बघायचे, आणि खोटं कशाला बोलू, बघून बरं वाटायचं. हे कोण करतंय ते कुणालाच माहीत नव्हतं. गोष्ट तालुक्याला गेली, सरकारी पाहणी होणार असं बोललं जाऊ लागलं, आणि दत्ता पिसाळला.

पनवेलच्या कुणा जाणत्याने त्याला अक्कल दिली की असली पेजं चालवणारे व्हीपीएनच्या आड लपतात, तुमच्या गावात व्हीपीएन कोण वापरतो तेवढं बघा. कुठल्या घरातलं इंटरनेट कुठे जातं हे दत्ताच्या ऑफिसातल्या कंप्युटरवर दिसतं. त्यांनी बघितलं. अख्ख्या गावात पाकीट चिकटवून पाठवणारं घर एकच निघालं, ते आमचं.

त्या दिवशी मी ओट्यापाशी भाकऱ्या थापत होते. गजा आला, बरोबर दोन पोरं. चपला न काढता आत आले, तेव्हाच मला कळलं की हे बोलायला आलेले नाहीत.

"मन्या, पेज बंद कर," गजा म्हणाला.

"कुठलं पेज?"

गजाने त्याच्या पोटात गुडघा घातला. मनोज खुर्चीसकट मागे पडला. एकाने त्याला कॉलरला धरून उभं केलं आणि गजाने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. "उघड. आमाला बघू दे काय करतोस दिवसभर."

"हे ऑफिसचं हाय. नाय दाखवता येत," मनोज म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं आणि तो नियम सांगत होता. "लोकांची आजारपणं हायत यात."

"लपवायचं काय नाय तं व्हीपीएन कशाला लावतोस रं?"

याला मनोजकडे उत्तर होतं, पण ते ऐकणाऱ्याला समजलं असतं तर तो गजा नसता. मी लाटणं घेऊन धावले. गजाच्या कानशिलावर एक बसलं, चांगलं बसलं, रक्त आलं. दुसऱ्या पोराने मागून माझे केस धरले आणि माझं तोंड ओट्यावर दाबलं. बाजूला तवा तापलेला होता, त्याची धग गालाला लागत होती. पोरगा म्हणाला, "हलू नको वहिनी, भाजशील." वहिनी म्हणाला. या पोराच्या साखरपुड्याला मी पुरणपोळ्या लाटल्या होत्या.

ओट्यावरून मला दार दिसत होतं. त्यांनी मनोजचा हात चौकटीवर धरला आणि गजाने दार लावलं. एकदा लावलं, मग उघडलं आणि पुन्हा लावलं. पहिल्यांदा मनोज ओरडला, दुसऱ्यांदा त्याच्या तोंडून आवाजच आला नाही.

जाताना गजाने भिंतीवरची इंटरनेटची वायर तोडली आणि म्हणाला, "उद्या दुपारी शेठच्या ऑफिसात यायचं. त्याच्या आत पेज बंद पायजे. नायतर दुसरा हात. मंग जेवायला पण बायको लागंल."

कर्जतला दवाखान्यात मनोजने डॉक्टरांना सांगितलं, शेताच्या बांधावरून पडलो. मी पोलिसांत जाऊ म्हटलं, तर तो म्हणाला, आपल्याला इथेच राहायचंय. असं म्हणणाऱ्या माणसाला काय सांगायचं. रिक्षात तो प्लास्टर मांडीवर घेऊन बसला होता आणि बोटं हलतात का ते पुन्हापुन्हा बघत होता. बोटं चालली नाहीत तर त्याचं काम गेलं, आणि दुसराही हात मोडला तर आमच्या घरात पुढे काय उरतं हे मला दिसत होतं. बंद करायला आमच्याकडे पेजच नव्हतं. ज्याचं होतं त्याला उद्या दुपारच्या आत मला शोधायचं होतं.

मनोज गोळी घेऊन पडला आणि मी मोबाईल घेऊन बसले. एरवी मी ते फोटो भाजीवाल्याकडचा माल बघावा तसे भरभर बघायचे, आता एकेक मोठा करून बघितला. सगळे वरून काढलेले होते. डंपरचा हौदा आतून दिसत होता, गजाच्या डोक्यावरचं टक्कल दिसत होतं. आणि बऱ्याच फोटोंत कोपऱ्यातून एक काळी वायर आडवी गेलेली. त्या जागी मला घर आठवेना, झाड आठवेना. तिथे फक्त एक खांब आहे, केबलचा. शिडी लावून त्या खांबावर चढणारा माणूस गावात एकच.

ओमकार. मनोजच्या सख्ख्या चुलत्याचा मुलगा. चुलते वारले तेव्हा तो शाळेत होता, मनोजनेच त्याला हाताला धरून पुढे शिकवलं. साजगावच्या कारखान्यात कंत्राटावर होता, ते काम सुटलं तेव्हा दत्ताकडे लाईनमन म्हणून लागला. वायरी ओढायच्या, फायबर जोडायची, आणि ऑफिसातल्या त्या कंप्युटरवर कोणाचं नेट चालतंय, कोणाचं बंद आहे ते बघायचं. म्हणजे आमचं घर दत्ताला दाखवलं असेल तर ते यानेच. हे लक्षात आल्यावर रात्रभर मी डोळा मिटला नाही. भीतीने नाही.

उजाडल्याबरोबर त्यांच्या घरी गेले. त्याची आई सोमीकाकू गवताला निघाली होती, कंबरेला विळा खोचलेला. "ये गं बाय. मन्या पडला म्हणं? कसा हाय?" म्हणाली. तिलाही बांधावरून पडल्याचंच सांगितलेलं. तिच्याकडे साधा फोन आहे, तोही ती उचलत नाही. मी म्हटलं बरा आहे, ओमकारला जरा बाहेर पाठव.

त्याला घराच्या मागे नेलं. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांचं भाताचं एकच खाचर उरलंय, तिथे. ओढा बुजला तर पावसाळ्यात सगळं पाणी त्यातच घुसणार.

"तूच ना?" मी विचारलं.

त्याने नाही म्हटलं नाही. "वहिनी, हळू बोला. आई हाय."

मी त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी मारली. तिसरीला त्याने मान खाली घातली, म्हणून ती मानेवर बसली. त्याने हात वर केला नाही. केला असता तर मला बरं वाटलं असतं.

"दादाचं नाव का दिलंस?"

"नाव नाय दिलं. शेठनं विचारलं, व्हीपीएन कोण वापरतो. समोर स्क्रीन उघडी. एकच घर दिसत होतं. मी काय सांगू?"

"आणि तू रं? तू नाय लपलास?"

"मला काय करायचाय व्हीपीएन? दुसऱ्या सिमवरून टाकतो." तो रडायला लागला. "मला वाटलं, दादा शिकलेला, नोकरीवाला. फार तं फार बोलावून घेतील, समजवतील. माझ्यासारख्याला मारतात, वहिनी. शिकलेल्या माणसाला कोण हात लावतं?"

हे त्याने मनापासून सांगितलं, आणि मला अजून संताप येतो तो याचाच. कारण तो खोटं बोलत नव्हता. आमच्या घराघरांत हेच सांगतात. शीक, चार माणसांत बसायला लाग, मग तुझ्यावर कोणी हात उचलणार नाही. मनोजला त्याच्या बापाने हेच सांगून शिकवलं आणि मनोजने ओमकारला. ओमकारने ते खरं धरलं आणि भावाला पुढे केलं.

"पेज बंद कर," मी म्हटलं.

"आता बंद केलं तं दादाच होता असं होईल ना? काल मारलं आणि आज बंद. मग कायमचाच डूख धरतील."

खरं होतं. चालू ठेवलं तर दुसरा हात, बंद केलं तर मनोज चोर. मी तिथे गवतात बसले. ओमकार माझ्यापुढे उकिडवा बसला. लहान होता तेव्हाही चूक केली की असाच बसायचा.

शेवटी मीच तोड काढली. दुपारी मी आणि मनोज दत्ताकडे जाणार. मोबाईल, लॅपटॉप, सगळं त्याच्या टेबलावर ठेवणार. आणि आम्ही त्याच्यासमोर रिकाम्या हाताने बसलेलो असताना पेजवर नवीन काहीतरी पडलं पाहिजे. मग तो मनोज नाही हे दगडालाही कळेल.

"टाकशील?"

"टाकतो. तेव्हा मी वरच्या आळीला खांबावर असतो, कुणाला दिसणार नाय. आईची शपथ, टाकतो."

"नाही टाकलंस तर मी तुझं नाव घेईन. दत्ताच्या तोंडावर घेईन."

"घ्या," तो म्हणाला.

मनोजला मी हे काही सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर तो ओमकारला वाचवायला दुसरा हातही देऊन आला असता. त्याचा शांतपणा असला आहे. दत्तापुढे खरं बोलू, वस्तू त्याच्या हवाली करू, एवढंच सांगितलं.

दत्ताचं ऑफिस चौकात, किराणा दुकानाच्या शेजारी, चार पायऱ्या चढून. एकच खोली. भिंतीला वायरीची वेटोळी, खाली जुन्या राऊटरचा ढीग, टेबलावर फायबर जोडायचं मशीन. दत्ता खुर्चीत, गजा कानशिलाला पट्टी लावून उभा, कालची पोरं दारात. आणि कोपऱ्यात, कंप्युटरपुढे, ओमकार.

दत्ताने त्याला खांबावरून बोलावून घेतलं होतं, मनोजचा लॅपटॉप तपासायला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"बसा," दत्ता म्हणाला. तो आवाज चढवत नाही. मारायला माणसं ठेवलेला माणूस आवाज कशाला चढवेल. "मनोज, पेज अजून चालू हाय."

"माझं नाय ते."

मी मोबाईल टेबलावर ठेवले, माझा आणि मनोजचा. लॅपटॉप ठेवला. "शेठ, घरातलं सगळं हे तुमच्यापुढे. घरची वायर काल गजानेच तोडली. आता पेजवर काही आलं तर ते यांनी टाकलेलं नाही, एवढं मानाल?"

दत्ताने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "मानीन की. आन नाय आलं तं?"

मी दोन्ही मोबाईल त्याच्याकडे आणखी पुढे सरकवले.

त्याने पंखा मोठा करायला सांगितला. गजा मोबाईलवर पेज उघडून बसला. आम्ही थांबलो. ओमकारचे दोन्ही हात कीबोर्डवर होते आणि पोरं त्याच्याच मागे दारात उभी. खिशात हात घातला असता तर दिसला असता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, पण मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या दिल्या की त्याला उचक्या लागायला हव्या होत्या.

काही आलं नाही.

"झालं," दत्ता म्हणाला आणि उठला. भिंतीला टेकवलेली लोखंडी सळई त्याने हातात घेतली, बांधकामाची असते ती. गजाने मनोजचा डावा हात टेबलावर ओढला आणि मनगटाला धरून दाबला. मनोज म्हणाला, "शेठ, एका हाताने तरी काम करू द्या." त्याच्या आवाजात विनंती नव्हती, रागही नव्हता. नवऱ्याचा असा आवाज कोणत्याही बाईला ऐकायला लागू नये.

मी नाव घेणार होते. तोंड उघडलं होतं. ओमकार हा शब्द माझ्या जिभेवर होता, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती, आजही वाटत नाही.

तेवढ्यात गजाच्या मोबाईलची घंटी वाजली.

गजाने एका हाताने तो बघितला आणि त्याचा चेहरा बदलला. मोबाईल त्याने दत्तापुढे धरला. मलाही दिसला. नवीन फोटो. टेबल, टेबलावर दाबून धरलेला मनोजचा हात, वर उचललेली सळई, आणि दत्ताचं तोंड, स्वच्छ, मतदानाच्या कार्डावर असतं त्याहून स्वच्छ. कडेला माझी पाठ. खाली लिहिलेलं, 'मनोजदादाचा यात काय संबंध नाय.'

दत्ताने फोटो बघितला. मग माझ्या पाठीकडे बघितलं. मग ती पाठ तशी कुठून दिसेल तिकडे मान वळवली. सगळ्यांनीच वळवली. कोपऱ्यात ओमकार उभा होता, मोबाईल पोटाशी धरून. सगळे सळईकडे बघत होते तेवढ्यात त्याने तो काढला होता.

"दादाला सोडा," तो म्हणाला. "मीच हाय."

दत्ताने पहिला फटका त्याच्या मोबाईलच्या हातावर मारला, दुसरा गुडघ्यावर. ओमकार खाली बसला तसा गजा मनोजला सोडून तिकडे गेला आणि पोरांनी दार सोडलं. आमच्याकडे कुणाचं लक्ष उरलं नाही. दार उघडं होतं. मी ज्यासाठी आले होते ते माझ्या हातात होतं.

मी मनोजला डावा हात धरून ओढलं. तो हलेना. "ओम्या," तो म्हणाला आणि तिकडे निघाला. मग मी त्याचा उजवा हात धरला. प्लास्टरच्या बाहेर सुजलेली बोटं आली होती ती मुठीत धरली, पिरगळली आणि ओढलं. तो गुरासारखा ओरडला आणि आला. पायऱ्या उतरेपर्यंत मी ती बोटं सोडली नाहीत.

बाहेर चौक भरलेला होता. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, प्रत्येक मोबाईलवर तोच फोटो. दुकानदार, रिक्षावाले, पोस्टासमोर बसणारे म्हातारे. आतून आवाज येत होते, आधी ओमकारचे, मग फक्त सळईचे. कोणी हललं नाही. एकाने मला रस्ता करून दिला, एवढंच. मी त्यांना शिव्या देणार होते, मग लक्षात आलं की मीही तिथेच उभी आहे. मनोज कठड्याला टेकून ओकत होता. मी त्याचा हात धरून उभी होते आणि रिक्षा शोधत होते. खरंच रिक्षा शोधत होते.

तेवढ्यात रस्त्याने सोमीकाकू आली, डोक्यावर गवताचा भारा. गर्दी बघून थांबली. मनोजला बघितलं आणि तिथूनच म्हणाली, "मन्या, काय झालं रं? हात दुखतोय का?" मग माझ्याकडे वळली, "गं हर्षला, ओमकारला सांग ना, तो गाडी आणंल, दवाखान्यात नेईल. कुठं हाय तो?"

सगळ्या गावाने मोबाईल खाली केले. कोणी तिच्याकडे बघेना.

मी सांगितलं. "काकू, तो आत आहे. त्याला मारतायत."

भारा तिथेच पडला. कंबरेचा विळा उपसून ती पायऱ्या चढली, म्हातारी, गुडघे धरून चालणारी. मनोजने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आता तरी सोड." मी सोडलं. तो एका हाताने तिच्या मागे गेला. मग मीही गेले. मोठ्या मनाने गेले असं कोणी समजू नये. माझं डोकं फिरलं होतं, दत्तावर, गावावर, आणि सगळ्यात जास्त त्या दोघांवर, जे मला उभं राहू देत नव्हते.

आत ओमकार टेबलाखाली पडलेला, तोंड जमिनीला. सोमीकाकूने गजाच्या दंडावर विळा ओढला, हाड दिसेपर्यंत. दत्ताने तिच्यावर सळई उचलली तेव्हा मनोज मध्ये गेला आणि ती त्याच्या प्लास्टरवर बसली. मी टेबलावरचं मशीन दोन्ही हातांनी उचललं आणि दत्ताच्या तोंडात मारलं. तो पडला तरी मारलं. त्याचे दात माझ्या पायाखाली आले, ते मला चपलेतून कळलं. पोरं पळाली. मग गाव आत आलं, आता यायला काही हरकत नव्हती.

ओमकार खोपोलीच्या पुढे गेला नाही. टेंपोत त्याचं डोकं सोमीकाकूच्या मांडीवर होतं आणि ती त्याला उठवत होती, जसं सकाळी कामाला उठवायची. डॉक्टर म्हणाले, मार डोक्यावरचा, मागून बसलेला. बाकी सगळं जुळलं असतं.

त्याने टाकलेला फोटो पोलिसांनी पुरावा म्हणून घेतला. दत्ता आत आहे, माझ्यावरही केस आहे. मनोजचं काम सुटलं, बोटं वळत नाहीत. डंपर थांबलेत. ओढा अर्धा बुजलेला तसाच आहे. पेज अजून आहे, कारण त्याचा पासवर्ड ओमकारशिवाय कुणाला माहीत नव्हता. सगळ्यात वर तोच फोटो, आणि त्यात माझी पाठ.

मनोजला बाहेर ओढलं याचं मला काही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तीच बोटं पिरगळीन. पण सोमीकाकू रोज आमच्याकडे जेवायला येते, मी वाढते, ती खाली बघून जेवते, आणि मला वाटतं आज विचारेल. तू बाहेर आल्यापासून मी येईपर्यंत, तू चौकात उभी होतीस, तो वेळ किती होता गं? विचारलं तर मी खरं सांगीन. चुलीवर ठेवलेला चहा उकळून खाली उतरवतो, तेवढा होता.